वाटीभर डाग

सकाळी सहा वाजता श्रीमंत आपल्या जीपखाली डोकं घालून उकिडवा बसला होता आणि जमिनीवरचा एक काळा डाग काडेपेटीनं मोजत होता. काल डाग दोन पेट्या रुंद होता. आज अडीच भरला.

"पुष्पे, इकडं ये," त्यानं दबक्या आवाजात हाक मारली.

पुष्पावती चुलीवरचा चहा उतरवून पदराला हात पुसत आली. श्रीमंतनं तेलात बुडवलेलं बोट तिच्या नाकासमोर धरलं.

"वास घे."

"तेल हाय."

"कसलं?"

"गाडीचं. मी काय गाडीखाली भजी तळते व्हय?"

"ते मला बी कळतंय. पर हे आपलं आपन गळतंय, का कुनी गळाया लावलंय?"

पुष्पावती चहाकडं वळली. अठरा वर्षांच्या संसारात तिनं असे पुष्कळ प्रश्न ऐकले होते. श्रीमंत दूध घ्यायला गेला तर धार समोर काढायला लावायचा आणि बादलीत आधीपासून पाणी नाही ना, हे बादली उपडी करून बघायचा. डॉक्टरनं सुई भरली की बाटली मागून तिच्यावरचं इंग्रजी नाव वाचायचा, आणि ते कळलं नाही म्हणून जास्तच संशय घ्यायचा. हाती आलेला कागद, मग तो वाण्याची पुडी का असेना, दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय तो फेकत नसे. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यानं हार घालायच्या आधी नवरी तीच आहे ना, हे खाली वाकून बघून घेतलं होतं. हे पुष्पावती अजून चारचौघींत सांगायची आणि श्रीमंत म्हणायचा, "बघितलं तर काय बिघडलं? तीच निघाली."

अख्ख्या राजुरात श्रीमंतला ज्याचा संशय येत नसे असा एकच माणूस होता, तो म्हणजे गोरक्ष मेकॅनिक. दोघं शाळेत एका बाकावर बसले, एकाच दिवशी नापास झाले आणि एकाच ट्रकवर क्लीनर म्हणून राहिले. पुढं श्रीमंतनं जुनी जीप घेऊन राजूर ते अकोले प्रवासी न्यायची वडाप सुरू केली, गोरक्षनं स्टँडजवळ पत्र्याचं गॅरेज टाकलं. जीप दारात आली त्या दिवशी नारळ गोरक्षनंच फोडला होता. त्याची पोरगी भारती तेव्हा परकरात होती. तिला उचलून पुढच्या सीटवर बसवत श्रीमंतनं सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "हिची पाठवनी ह्याच गाडीतून. मीच चालवनार."

त्या भारतीचं लग्न आता आठ दिवसांवर आलं होतं. श्रीमंतच्या घराच्या खाली, उतार जिथं संपतो तिथल्या गोरक्षच्या अंगणात मांडव पडला होता. आणि श्रीमंतला गोरक्षचाच संशय येत होता.

त्याचं असं झालं. तीन आठवड्यांपूर्वी अकोल्याच्या स्टँडवर कानिफनाथ नावाचा एक वडापवाला श्रीमंतशेजारी चहा पीत बसला होता. कानिफनाथला दुसऱ्याच्या डोक्यात किडा सोडून स्वतः मोकळं व्हायची सवय होती. तो म्हणाला, "मेकॅनिक लोक काय करत्यात ठावं हाय का? इंजनात अर्धं तेल घालत्यात अन् अर्धा डबा घरी नेत्यात. तू कधी पट्टी काढून बघितलीस?"

श्रीमंतनं कधीच बघितली नव्हती. तेल बदलायचं काम गोरक्षचं. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी लावायची, चहा प्यायचा आणि गाडी घेऊन यायची. पण त्या रात्री श्रीमंतला झोप लागली नाही. सकाळी उठल्याबरोबर त्यानं बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली. तेल जेमतेम पट्टीच्या टोकाला लागलं होतं. वरच्या खुणेपासून पार खाली.

"अर्धं!" श्रीमंत स्वतःशीच म्हणाला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. राजुरातल्या निम्म्या जिपांसारखी श्रीमंतची जीपही उतारावर झोपायची. बॅटरी म्हातारी झाली होती. स्टार्टर मारला की नुसता खोकल्यासारखा आवाज यायचा. त्यामुळं संध्याकाळी गाडी दारासमोरच्या उतारावर तोंड खाली करून लावायची, पुढच्या चाकाखाली दगड द्यायचा. सकाळी दगड काढला, गाडी घरंगळू दिली आणि गोरक्षच्या अंगणाच्या अलीकडं दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन धडधडत चालू. डोंगरातला माणूस उताराला बॅटरीच समजतो. चार वर्षं जीपनं सपाट जमिनीवर एक रात्र काढली नव्हती. हे इतकं रोजचं होतं की श्रीमंतला त्याच्यात संशय घेण्यासारखं काही दिसलंच नाही.

त्यानं गोरक्षला काही विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो, असं त्याचं मत होतं. त्यानं अकोल्याहून तेलाचा डबा आणला आणि पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत तेल येईतो इंजिनात ओतलं. बरंच मावलं. जितकं मावेल तितकी त्याची खात्री पटत गेली.

आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी गळायला लागली.

"आदी गळत नव्हती," त्यानं पुष्पावतीला समजावलं नाही, जीपलाच समजावलं. "मी तेल भरलं अन् लगेच गळाया लागली. म्हंजे कुनाला तरी कळलं, की मला कळलंय."

रोज सकाळी तो पट्टी बघायचा, रोज तेल कमी असायचं, रोज तो भर घालायचा. पण खरी ग्यानबाची मेख पुढंच होती. जमिनीवरचा डाग असायचा वाटीभर तेलाचा आणि पट्टीवरची तूट असायची तांब्याभर. मग बाकीचं तेल जात होतं कुठं? श्रीमंत डागापाशी बसला की त्याची नजर आपोआप उतारावरून खाली जायची. तेलाची बारीक काळी रेघ गोरक्षच्या मांडवाच्या दिशेनं निघालेली असायची.

गॅरेजला गाडी न्यायचा प्रश्नच नव्हता. श्रीमंतनं गळती घरीच बंद करायचं ठरवलं.

इंजिनाच्या बाजूला तळहाताएवढं एक झाकण होतं, चार बोल्टांचं. तेल तिथूनच पाझरताना दिसत होतं. ट्रकवर क्लीनर असताना त्यानं ड्रायव्हरला फुटक्या टाकीला साबण लावताना बघितलं होतं. घरात कपड्याचा साबण संपला होता. पुष्पावतीच्या पेटीत मात्र एक नवी कोरी चंदनाची वडी होती. ती तिनं भारतीच्या लग्नात लावायला राखून ठेवली होती. पुष्पावती नळावर गेलेली बघून श्रीमंतनं अर्धी वडी मळून झाकणाच्या कडेला लिंपली.

अकोल्याच्या निम्म्या वाटेत इंजिन तापलं आणि साबण वितळला. जीपमध्ये चंदनाचा असा काही घमघमाट सुटला की मागं बसलेली माणसं एकमेकांच्या काखेकडं बघायला लागली. पुढं आक्काबाई बसली होती. आक्काबाई श्रीमंतच्याच आळीत राहायची आणि आठवड्यातून तीनदा अंड्यांची पाटी घेऊन अकोल्याला जायची. तिनं दोनदा हुंगलं.

"श्रीमंता, कुनासाठी नटून चाललास रं?"

"मी कुठं नटलोय आक्का?"

"मंग हा वास काय अंड्यांचा हाय?"

आक्काबाईनं पोटात काही ठेवायचं म्हटलं तरी तिला जमत नसे. संध्याकाळी श्रीमंत घरी आला तेव्हा पुष्पावती दारातच उभी होती. तिनं त्याच्या सदऱ्याचा वास घेतला. मग पेटीतली उरलेली अर्धी वडी त्याच्या समोर धरली.

"बाकीची अर्धी कुठं गेली?"

श्रीमंतची पंचाईत झाली. खरं सांगावं तर गोरक्षचं नाव निघणार. ते उद्या सकाळी नळावर गोरक्षच्या बायकोला कळणार आणि चोर सावध होणार. तो एवढंच म्हणाला, "गाडीला लावली."

"गाडीला? चंदनाचा साबन?"

"व्हय."

"अन् आंघोळ कुनी केली? अकोल्यात कोन हाय?"

"कोन म्हंजे? स्टँड हाय, तहसील हाय, बँक हाय…"

"मी बाईचं इचारते!"

श्रीमंतला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं, की आपल्यावर कुणी संशय घेतला म्हणजे कसं वाटतं. पण त्यातून तो काही शिकला नाही. दुसऱ्या दिवशी पुष्पावती स्वयंपाक उरकून जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. दिवसभर तिनं राजूर ते अकोले चार फेऱ्या केल्या. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक बाईला ती "कुठल्या तुमी? रोज येता का? कुनाच्या घरी?" असं विचारत राहिली. तिसऱ्या फेरीनंतर बायका कानिफनाथच्या जीपमध्ये बसायला लागल्या.

इकडं गळती चालूच. श्रीमंतनं झाकण खोलून पाहिलं. आतलं पॅकिंग, म्हणजे झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये असतो तो पुठ्ठा, तेल पिऊन मऊ पडला होता. नवं पॅकिंग गोरक्षच्या गॅरेजमध्ये मिळत होतं, म्हणून ते नको. त्याला घरातल्या घरात जाड, चिवट, गुळगुळीत पुठ्ठा पाहिजे होता. वहीचं पान पातळ पडलं, साबणाच्या खोक्याला घडी पडलेली. शोधता शोधता त्याची नजर देव्हाऱ्याशेजारी गेली. तिथं भारतीच्या लग्नाची पत्रिका ठेवली होती.

गोरक्षनं पत्रिका छापून आणल्या तेव्हा एक देवाला वाहिली आणि दुसरी घेऊन तो पहिल्यांदा वर श्रीमंतकडं आला होता. श्रीमंत त्या वेळी संशयाच्या ऐन भरात होता. त्यानं पत्रिका हातात घेतली, "बसा" म्हणाला, चहाला मात्र विचारलं नाही. ज्याच्याशी आयुष्यभर अरेतुरे केलं त्याला "बसा" म्हटलेलं ऐकून गोरक्ष घटकाभर उभाच राहिला आणि निघून गेला. श्रीमंतनं पत्रिका न उघडता देव्हाऱ्याशी टाकली.

आता त्यानं ती बोटांत धरून वाकवून पाहिली. पुठ्ठा एक नंबर होता. गोरक्षनं लेकीच्या पत्रिकेत हात आखडला नव्हता. "तेलाचे पैशे," श्रीमंत मनात म्हणाला आणि कात्री घेतली. झाकण पत्रिकेवर ठेवून पेन्सिल फिरवली, बोल्टांची चार भोकं पाडली, आणि गोरक्षच्या घरच्या कार्याचं आमंत्रण इंजिनात बसवून बोल्ट आवळले.

दोन दिवस गळती कमी झाल्यासारखी वाटली. म्हणून त्यानं तेल आणखी ओतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा डाग, वाटीभर. पुन्हा तूट, तांब्याभर. गाडी आता निळा धूरही सोडायला लागली होती, आणि मागं बसणारे नाकाला रुमाल लावत होते.

लग्नाला तीन दिवस उरले तेव्हा श्रीमंतनं संध्याकाळी चुलीतली राख चाळून जीपच्या भोवती पसरली. पुष्पावती दारातून बघत होती.

"हे आनिक काय?"

"काय न्हाई. मुंग्या हायेत."

"मुंग्यांना हळद घालत्यात."

"ह्या मोठ्या मुंग्या हायेत," श्रीमंत म्हणाला.

सकाळी राखेत पावलं उमटली होती. चप्पल टायरच्या सोलची होती आणि उजव्या टाचेला टायरची नक्षी आडवी पडली होती. ही चप्पल राजुरात एकाच माणसाच्या पायात होती. गोरक्ष आपले सोल स्वतः कापायचा. पावलं खालून वर जीपपर्यंत आली होती, गाडीखाली शिरली होती, आणि परत खाली मांडवाकडं गेली होती.

श्रीमंत पायरीवर बसला. आपला संशय खरा निघाला म्हणून त्याला एरवी आनंद झाला असता. आज वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. खाली मांडवात भारती मैत्रिणींबरोबर हसत होती आणि गोरक्ष शिडीवर चढून आंब्याची पानं बांधत होता.

"परवाच्या पाठवनीला आपली गाडी न्हाई," तो पुष्पावतीला म्हणाला.

"शब्द दिलाय तुमी! पोरीनं सासरी सांगून ठिवलंय, मी काकाच्या गाडीतून येनार म्हनून."

"शब्द मानसाला देत्यात. चोराला न्हाई."

"चोर? गोरक्ष भावजी?" पुष्पावतीनं कपाळावर हात मारला. आता श्रीमंतला तिला सगळं सांगणं भाग होतं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे साबन खरंच गाडीला लावला?"

"व्हय."

"अन् अकोल्यात कोनी न्हाई?"

"तहसील हाय म्हनलं ना!"

पुष्पावतीच्या चेहऱ्यावर पाच दिवसांनी रक्त आलं. "तुमी उगाच कायतरी करू नका," एवढंच ती म्हणाली. पण श्रीमंतचं ठरलं होतं. चोर मुद्देमालासकट धरायचा.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे हळदीच्या दिवशी, तांबडं फुटायच्या आधी तो घोंगडी पांघरून जीपच्या मागच्या सीटवर आडवा झाला. थोड्याच वेळात चपला वाजल्या. गोरक्ष वर आला, इकडंतिकडं बघितलं आणि गाडीखाली हात घालून त्यानं एक पत्र्याचा डबा अलगद बाहेर ओढला. डबा काठोकाठ भरलेला होता. काळं तेल हिंदकळून थोडं जमिनीवर सांडलं. वाटीभर.

"धरला!" श्रीमंत घोंगडीसकट उठला.

गोरक्ष दचकला, पण त्यानं डबा सोडला नाही. तो दोन पावलं मागं सरला. त्याला पळू द्यायचं नाही म्हणून श्रीमंत मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर उडी मारायला गेला. घोंगडी पायात अडकली, त्याचा गुडघा गिअरच्या दांड्यावर बसला आणि गाडी न्यूट्रलला आली. पुढच्या चाकाखालचा दगड तीन आठवडे तेलात भिजत पडला होता. तो साबणाच्या वडीसारखा सटकला.

जीप निघाली.

"गोरख्या, दगड!"

"ब्रेक दाब, ब्रेक!"

ब्रेक दाबायला आधी पाय मोकळे पाहिजेत. श्रीमंतचे पाय सीटवर घोंगडीत आणि डोकं ब्रेकजवळ होतं. जीप आवाज न करता, रोजच्या वाटेनं, रोजच्यासारखीच खाली गेली. फक्त रोज ती अंगणाच्या अलीकडं वळायची, आज वळली नाही. सपाटीवर आल्यावर तिचा वेग आपोआप मंदावला. मांडवाचा एक खांब तिनं हळूच कलता केला आणि कनात बॉनेटवर घेऊन ती थांबली. हळदीसाठी मुक्कामाला आलेल्या बाया ओरडत बाहेर आल्या. आंब्याच्या पानांचं तोरण श्रीमंतच्या गळ्यात पडलं होतं.

मागून गोरक्ष डबा सांभाळत धावत आला. पुष्पावती आली, आक्काबाई आली, भारती डोळे चोळत दारात येऊन उभी राहिली.

"लागलं का रं कुठं?" गोरक्षनं विचारलं.

"मला नगं इचारू. तुझ्या हातात काय हाय ते सांग!"

"तुझं तेल."

"बघा, कबूल करतोय! तीन आठवडं माझं तेल नेतोय ह्यो!"

गोरक्षनं डबा खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता.

"तुझं तेल उतारानं माझ्या अंगनात येतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "मांडव घातला, अंगन सारवलं. बाया पाय घसरून पडाया लागल्या. म्हनून रोज तुमी निजल्यावर डबा लावतो अन् पाटं काढून नेतो. समदं तेल गाळून कॅनमधी ठिवलंय, तुझ्याच नावानं. जाऊन बघ."

"मंग मला सांगितलं का न्हाईस?"

"कसं सांगू? तुझ्या गाडीत अकोल्याच्या दुकानाचा डबा बघितला. मला वाटलं, तू दुसऱ्या मेकॅनिककडं जातोस. पत्रिका द्यायला आलो तर मला 'बसा' म्हनलास. म्हनलं, कार्य होऊन जाऊ दे, मंग भांडू."

श्रीमंत मग वकिलासारखा बोलायला लागला. "आन् आदी अर्धंच तेल घालत हुतास, त्याचं काय? मी सोता पट्टी बघितली!"

"कुठं बघितलीस?"

"दारात. रोज बघतो."

"दारात म्हंजे उतारावर?"

"मंग काय झाडावर?"

गोरक्षनं बॉनेटवरची कनात बाजूला केली. बॉनेट उघडून पट्टी काढली, पुसली, घातली आणि परत काढून श्रीमंतच्या हातात दिली. गाडी सपाट जमिनीवर उभी होती. तेल वरच्या खुणेच्याही वर, पट्टीच्या मुठीपर्यंत चढलेलं होतं.

"उतारावर गाडी तोंड खाली करून हुभी ऱ्हायली की तेल समदं म्होरं पळतंय," गोरक्ष म्हणाला. "पट्टी हाय मागं. तिला काय लागनार? तुला रोज कमी दिसलं, तू रोज ओतलंस. दुप्पट तेल झाल्यावर इंजन ते ओकनार न्हाई तर काय करनार? सपाटीला हुभी केली असतीस तर पहिल्याच दिशी कळलं असतं."

आक्काबाईनं तोंडाला पदर लावला. "म्हंजे रोज हाच भरायचा अन् ह्योच बोंबलायचा," ती बाजूच्या बाईला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

श्रीमंत पट्टीकडं बघत राहिला. तिच्यावर संशय घ्यायची काही सोय होते का, हे त्यानं पट्टी उलटी करूनही पाहिलं. तेवढ्यात त्याला झाकणाखालचा पुठ्ठा आठवला. गोरक्ष पाना घेऊन बाजूच्या झाकणाकडं वाकला होता.

"ते राहू दे रं! ते मी बसवलंय. झ्याक बसलंय!"

"बघू दे की, कुठनं गळतंय ते."

"लग्न झाल्यावर बघ!"

पण गोरक्षच्या हातात पाना असला की तो कुणाचं ऐकत नसे. चार बोल्ट निघाले, झाकण निघालं, आणि झाकणाला चिकटलेलं पॅकिंग त्यानं नखानं सोडवलं. ते त्यानं उजेडाकडं धरलं. तेलानं काळपट झालेल्या पुठ्ठ्यावर सोनेरी गणपतीची अर्धी सोंड दिसत होती.

भारती पुढं आली. "आप्पा, ही आपली पत्रिका हाय," ती म्हणाली.

गोरक्षनं पॅकिंग उलटून दुसरी बाजू बघितली. बराच वेळ बघितली. मग ते श्रीमंतच्या हातात दिलं. "वाच."

बोल्टाच्या भोकाच्या खाली ओळ शाबूत होती. 'निमंत्रक', आणि त्याच्यापुढं श्रीमंतचं पूर्ण नाव, 'वधूचे काका'.

वाण्याची पुडी दोन्ही बाजूंनी वाचणाऱ्या श्रीमंतनं हा एक कागद उघडूनही बघितला नव्हता.

"मला भाऊ न्हाई," गोरक्ष म्हणाला. "म्हनून भावाच्या जागी तुझं नाव टाकलं. तू त्याच्यात भोकं पाडलीस."

श्रीमंतचे डोळे भरून आले. त्याला गोरक्षचे पाय धरावेसे वाटले, पण हातात पॅकिंग होतं आणि दुसऱ्या हातात पट्टी. तो कसाबसा म्हणाला, "नावात न्हाई पडलं भोक. नावाच्या वर पडलंय."

भारतीला पहिल्यांदा हसू फुटलं. मग पुष्पावतीला, मग सगळ्याच बायांना. गोरक्षनं हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याचे खांदे हलायला लागले.

"पुठ्ठा भारी हुता," श्रीमंत नाक पुसत म्हणाला. "गावात असला पुठ्ठा नव्हता दुसरा."

"गप," गोरक्ष म्हणाला, "अन् तो डबा लाव खाली. चेंबरचा बोल्ट काढतो."

हळदीच्या मुहूर्ताला दोघं मित्र जीपखाली आडवे पडून जास्तीचं तेल काढत होते. गोरक्षनं गॅरेजमधून खरं पॅकिंग आणून बसवलं. तेल वरच्या खुणेला आणून ठेवलं, सपाटीवर. नवरीच्या बापाला हळद लावायला बाया आल्या तेव्हा त्याच्या गालावर जागाच नव्हती. श्रीमंतनं मांडवाचा खांब सरळ केला आणि उरलेला दिवस पाणी भरण्यात, पाट मांडण्यात घालवला. निमंत्रकाला बसायला वेळ नसतो, असं तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती उठल्या. पाठवणीची वेळ आली तेव्हा झेंडूच्या माळा लावलेली जीप मांडवासमोर सपाटीवर उभी होती. भारती आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या गळ्यात पडून रडली आणि डोळे पुसत पुढच्या सीटवर जाऊन बसली. शेजारी नवरदेव बसला. श्रीमंतनं स्टार्टर मारला. जीप खोकली. पुन्हा मारला. पुन्हा खोकली.

इतका सगळा खटाटोप झाला, पण बॅटरीची आठवण दोघांनाही राहिली नव्हती.

"ढकला!" आक्काबाई ओरडली.

वऱ्हाडी फेटे सावरत मागं लागले. सगळ्यांच्या मध्ये गोरक्ष होता. लेक सासरी निघाली म्हणून त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लेकीची गाडी चालू व्हावी म्हणून तो दोन्ही हातांनी ती ढकलत होता. वीस पावलांवर इंजिन धडधडलं. धूर निघाला नाही. जीप रस्त्याला लागली.

वळणावर श्रीमंतनं आरशात बघितलं. वऱ्हाडी परत मांडवाकडं वळले होते. गोरक्ष मात्र जिथं जीप उभी होती त्या जागी उकिडवा बसला होता. बायका त्याच्याभोवती उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. बापाच्या पायातलं बळच गेलं, असं त्यांना वाटत असणार. पण श्रीमंत त्या बसण्याला चांगला ओळखत होता. त्यानं गाडी हळू केली. गोरक्षनं जमिनीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, हुंगलं, आणि परत एकदा जमिनीवरून फिरवलं.

"काय झालं काका?" भारतीनं भरल्या आवाजात विचारलं. "आप्पा रडत्यात का?"

"न्हाई गं," श्रीमंत म्हणाला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला छाती भरून श्वास घेता आला. "तुझा बाप माझ्यावर संशय घेतोय."